वेल्सच्या कोळसाखोऱ्यांतली चॅपलं: दर्शनी पाटीपासून जमाखर्चापर्यंत

कोळिष्टक
दक्षिण वेल्सवरच्या मराठी लेखांत ‘खाणगावात दर कोपऱ्यावर चर्च’ असं वाक्य हमखास सापडतं. कोपऱ्यावर दिसतं ते बहुतेक वेळा चर्च नसून चॅपल असतं, आणि हा फरक सोडला तर त्या खोऱ्यांचा इतिहासच हातातून निसटतो. चर्च म्हणजे सरकारमान्य अँग्लिकन पंथाचं, पॅरिशवर दशांश कर घेणारं, जमीनदाराच्या ओळखीचं. चॅपल म्हणजे त्या पंथाबाहेरच्या लोकांनी स्वतःच्या पैशाने बांधलेलं, स्वतः पाद्री नेमणारं आणि पटलं नाही तर त्याला निरोप देणारं. ३० मार्च १८५१ च्या रविवारी सरकारने उपासनेला आलेल्यांची मोजदाद केली, तेव्हा वेल्समधले साधारण पाचापैकी चार जण चॅपलमध्ये होते. तरीही अँग्लिकन चर्चचा अधिकृत दर्जा जायला ३१ मार्च १९२० उजाडला. कायदा १९१४ चा होता, युद्धामुळे अंमल लांबला.

आता र्‍हॉन्दा खोरं घ्या. १८५१ मध्ये हजाराच्या आत वस्ती, बहुतेक मेंढपाळ. १८५५ मध्ये ट्रीहर्बर्टहून वाफेच्या इंजिनाला चालणारा कोळसा बाहेर पडू लागला आणि १९११ च्या शिरगणतीत तिथे दीड लाखाच्या वर माणसं होती. ही माणसं आली ती आपापला पंथ बरोबर घेऊन. म्हणून एकाच रस्त्यावर चार चॅपलं दिसतात: अन्निबन्विर (प्रत्येक मंडळी स्वतंत्र, वरून हुकूम नाही), बेदद्विर (म्हणजे बाप्टिस्ट: बाप्तिस्मा फक्त प्रौढांना, तोही पूर्ण बुडवून), कॅल्व्हिनिस्टिक मेथडिस्ट (वर प्रादेशिक सभा) आणि वेस्लीयन. इंग्लंडातून मजूर येऊ लागल्यावर त्याच पंथांची इंग्रजी चॅपलं. शिवाय भांडून फुटलेल्यांची वेगळी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकट्या र्‍हॉन्दात दीडशेच्या आसपास चॅपलं होती.

दारावरची दगडी पाटी वाचायला तीन शब्द पुरतात. ‘आदेइलाद्विद’ म्हणजे बांधलं, ‘हेलाइथ्विद’ म्हणजे वाढवलं, ‘आइल-आदेइलाद्विद’ म्हणजे पुन्हा बांधलं. तीन वर्षं ओळीने कोरलेली असतील तर ती जवळपास कधी नवीन खाणी खोदल्या गेल्या त्या वर्षांशी ताडून पाहा. पहिलं वर्ष बहुधा मंडळी जमल्याचं, आणि समोर दिसणारी इमारत शेवटच्या वर्षाची. लोक नेमके इथे चुकतात आणि १८९० नंतरच्या दर्शनी भागाला १८४० चं बांधकाम ठरवून मोकळे होतात.

चुनखडी
पाटीइतकंच बांधकामही बोलतं. सुरुवातीची चॅपलं घरासारखी: लांब भिंतीत दोन दारं, त्यांच्या मधे दोन उंच खिडक्या आणि त्या खिडक्यांच्या मधोमध आतून व्यासपीठ. उशिरा येणारा थेट पाद्रीच्या नजरेसमोर यायचा. शतकाच्या उत्तरार्धात दार छपराच्या त्रिकोणी टोकाच्या आखूड बाजूला आलं आणि व्यासपीठ समोरच्या टोकाला गेलं, कारण अरुंद दरीत रस्त्यालगत रुंद प्लॉट मिळत नव्हता आणि दिखाऊ दर्शनी भाग एकाच बाजूला करून खर्च वाचत होता. म्हणून पुढून इटालियन महाल, बाजूने गोदाम! पुढे घडीव पेनंट वालुकाश्म नाहीतर चुन्याचा नक्षीदार गिलावा, कडांना पिवळी किंवा लाल वीट. बाजूच्या भिंती ओबडधोबड दगडाच्या.

आत तीन बाजूंनी गॅलरी, तिला ओतीव लोखंडाचे बारीक खांब, बाकं पिच-पाइन लाकडाची. व्यासपीठाच्या पुढे कठडा घातलेली ‘सेत वाउर’, म्हणजे मोठी बैठक. तिथे डीकन, म्हणजे चॅपलचे निवडलेले कारभारी, बसणार. बाप्टिस्ट चॅपलमध्ये याच बैठकीच्या फळ्या उचलल्या की खाली कुंड निघतं. चॅपल उतारावर असेल तर मुख्य सभागृहाखाली ‘वेस्त्री’, तिचं दार खालच्या गल्लीत. रविवारची शाळा, चहा, गाण्याचा सराव, बैठका सगळं वेस्त्रीत. वर आठवड्यातून एक दिवस, खाली सात दिवस.

निवांत_नकाशे
पण पैसा कुठून आला? खाणमालकाने जमीन आणि देणगी दिली असेल तर ‘कामगारांचं चॅपल’ म्हणणं जरा गोड गोड वाटतं.

दप्तरखाना
रास्त शंका. जमीन बहुतेक ठिकाणी जमीनदाराकडून दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर असायची, आणि मालकांनी देणग्या दिल्याचीही उदाहरणं आहेत. मालकाच्या पैशाचं ठळक उदाहरण मात्र अँग्लिकनांचं आहे: पेंट्रचं सेंट पीटर चर्च, १८९०, जमीनदार कुटुंबाच्या खर्चाने उभं राहिलेलं. चॅपलचा हिशेब निराळा. ट्रस्टींच्या नावावर कर्ज काढायचं, इमारत उभी करायची आणि मग वीस-तीस वर्षं फेडत बसायचं.

उत्पन्नाच्या बाजू ठरलेल्या: बाकाचं तिमाही भाडं, सभासदांची मासिक वर्गणी, रविवारची पेटी, वार्षिक मोठ्या सभा (बाहेरचे दोन-तीन नावाजलेले वक्ते बोलवायचे आणि त्या दिवशीचं दान कर्जाला लावायचं), शिवाय मैफली आणि चहापान. ही पद्धत कुठे मोडते हे उघड आहे. फेड सभासदसंख्येवर, सभासद पगारावर, पगार कोळशाच्या भावावर. खाण तीन महिने बंद पडली की चॅपलचा हप्ता चुकला.

इतिहास शोधणाऱ्यांसाठी यातलं सोनं म्हणजे छापील वार्षिक अहवाल. त्यात प्रत्येक सभासदाचं नाव आणि वर्षभरात दिलेली रक्कम, बऱ्याचदा घराच्या पत्त्यासकट. शेजाऱ्याने किती दिले हे सगळ्या गल्लीला कळावं हाच हेतू, आज आपल्याला तो उपयोगी पडतो. एखाद्या घराची रक्कम अचानक शून्यावर आली की त्या वर्षीची वर्तमानपत्रं उघडायची: अपघात, संप, स्थलांतर, काहीतरी सापडतंच.

शोधाचा क्रम असा ठेवा:

आधी शिरगणती. वेल्समध्ये १८९१ पासून भाषेचा रकाना आहे, त्यावरून घर वेल्श चॅपलचं की इंग्रजी, याचा अंदाज येतो. १९२१ ची खुली झाली आहे, १९३१ ची आगीत गेली.

मग पंचवीस इंची (मैलाला पंचवीस इंच) ऑर्डनन्स नकाशे, म्हणजे सरकारी मोजणीचे. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर वेल्सचेही फुकट पाहता येतात. चॅपलवर पंथाचं नाव छापलेलं असतं. घरापासूनचं अंतर बघा, पण सगळ्यात जवळचं तेच त्यांचं असं धरू नका.

मग १९१९ पर्यंतची वेल्श वर्तमानपत्रं, वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर मोफत. पाद्रीची नेमणूक, कोनशिला, मैफल, अंत्ययात्रा, सगळं बारीकसारीक येतं.

शेवटी मूळ नोंदवह्या. १८३७ च्या आधीच्या बऱ्याचशा लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘आरजी ४’ या मालिकेत. नंतरच्या अ‍ॅबरिस्टविथला, म्हणजे वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, नाहीतर कार्डिफच्या ग्लॅमॉर्गन किंवा एबू व्हेलच्या ग्वेंट अभिलेखागारात. बाप्टिस्टांकडे तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा नसल्यामुळे बाप्तिस्म्याची नोंद जन्माच्या आसपास शोधत बसू नका. लग्नाची गोष्ट अशी की १८३७ पासून नोंदणीकृत चॅपलमध्ये लग्न लागू शकत होतं, पण १८९८ चा कायदा येईपर्यंत सरकारी निबंधक हजर लागायचा, म्हणून नोंद जिल्हा निबंधकाकडे.

आणि हो, डेव्हिड जोन्स शोधत असाल तर निव्वळ नावावर जाऊ नका. पत्ता, खाण आणि चॅपल या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय माणूस पक्का धरायचा नाही.

अर्धवट_वेल्श
वर उच्चार बरे दिलेत. भर एवढीच: वेल्शमध्ये एकच ‘एफ’ म्हणजे ‘व’ आणि दोन ‘डी’ म्हणजे मऊ ‘द’, म्हणून ‘र्‍होंडा’ नव्हे. ‘कुम’ म्हणजे दरी, ‘अबर’ म्हणजे नदीचं मुख किंवा संगम, ‘ट्रे’ म्हणजे वस्ती, ‘पोन्त’ म्हणजे पूल. चॅपलांची नावं मात्र बायबलातली: एबेनेझर, बेथेल, सालेम, सिलो, हर्मोन, बेथानिया, किंवा ‘नोद्वा’ म्हणजे आसरा. प्रत्येक दरीत तीच नावं फिरून येतात, तेव्हा गाव आणि पंथ लिहिल्याशिवाय ‘बेथानिया’चा काही उपयोग नाही.

सभासदवहीत तीन शेरे ओळखा. ‘ल्लथिर’ म्हणजे पत्र: दुसऱ्या चॅपलहून आलेलं किंवा जाताना दिलेलं शिफारसपत्र. माणूस कुठल्या गावाहून आला ते इथे कळतं, शिरगणतीतल्या जन्मगावापेक्षाही नेमकं. ‘बी वार्’ म्हणजे वारला. आणि ‘टोरी आल्लान’, शब्दशः कापून बाहेर: वाळीत. दारूसाठी, किंवा लग्नाआधी दिवस गेले म्हणून. बाईचं नाव कापलेलं आणि पुरुषाचं तसंच, असंही दिसतं. लोकशाही होती खरी, पण सेत वाउरवर पुरुषच बसायचे.

षड्ज_चालता
कोणी गाण्याकडे आलंच नाही अजून! खाणकामगार चार सुरांत ऑरटोरिओ (धार्मिक कथेवरच्या मोठ्या समूहगायनरचना) कसे गात, याचं उत्तर टॉनिक सोल-फा या लिपीत आहे. आपल्याला ती पाच मिनिटांत कळेल, कारण ‘डो’ हा आपल्या सासारखा चालता आहे. पानाच्या डोक्यावर फक्त ‘डो = एफ’ असं लिहायचं, पुढे अक्षरं: डो रे मी फा सो ला टी, प्रत्येकाचं पहिलं अक्षर. उभी रेघ म्हणजे मात्रागटाची सुरुवात, दोन मात्रांच्या मधे विसर्गासारखी दोन टिंबं, मात्रेचे दोन तुकडे करायचे तर एक टिंब, चार करायचे तर स्वल्पविराम, सूर लांबवायचा तर आडवी रेघ. वरच्या सप्तकाला अक्षराच्या खांद्याशी बारीक खूण, खालच्याला पायाशी. तीव्र मध्यम ‘फे’, कोमल निषाद ‘टा’.

हे पसरलं ते स्वस्त होतं म्हणून. पाच रेघांच्या स्वरलिपीला खास खिळे लागतात, सोल-फा कुठल्याही गावच्या छापखान्यात साध्या अक्षरांत जुळवता येते. वाद्य नको, भिंतीवर सुरांचा एक उभा तक्ता आणि छडी पुरे. जॉन कर्वेन या पाद्रीने रुजवलेल्या या पद्धतीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या परीक्षा असत, वर्ग वेस्त्रीत भरत.

अडचण येते ती सूर बदलताना. मधेच डो सरकतो, तेव्हा एकाच जागी दोन अक्षरं लिहितात, एक जुन्या डोचं, एक नव्याचं. गाणारा तो पूल चुकला की पुढची अख्खी ओळ बेसूर. मायनर चालीत आधार ‘ला’वर असतो आणि चढताना ‘बा’, ‘से’ येतात. जोसेफ पॅरीची ‘अ‍ॅबरिस्टविथ’ (१८७९) त्यामुळे नवख्यांना जड जाते. पॅरी मर्थरचा, लहानपणी खाणीत काम केलेला.

‘कमान्वा गानी’ म्हणजे अनेक चॅपलांनी एकत्र जमून केलेलं भजनगायन. सुरुवात ॲबरडेअरला १८५९ मध्ये इएइअन ग्विल्टने केली असं मानतात. त्याच वर्षी त्याचं चालींचं पुस्तकही आलं. कार्यक्रमपत्रिका आधी छापायची, प्रत्येक चॅपलने हिवाळाभर आपापल्या वेस्त्रीत बसवायची, मग एके दिवशी सगळे एका मोठ्या चॅपलमध्ये. बसायचं कुटुंबाने नाही, आवाजाने: सोप्रानो, आल्टो, टेनर, बास. निर्देशक व्यासपीठावर. मनाजोगं झालं नाही तर तो थांबवून पुन्हा म्हणायला लावतो, आणि झकास झालं तरीही पुन्हा!

‘कुम र्‍हॉन्दा’ ही चाल जॉन ह्यूजची, १९०७, पॉन्टिप्रीदजवळच्या हॉपकिन्सटाउनमधल्या कापेल र्‍हॉन्दात नवा ऑर्गन बसला तेव्हाची. ह्यूज ग्रेट वेस्टर्न खाणीच्या कचेरीत कारकून होता. तिचा शेवट ऐकताना बासकडे कान द्या: वरचे सूर थांबतात तिथे खालचे उत्तर देतात. एकटा माणूस ती गाऊ शकत नाही, गायली तरी अर्धीच गातो.

लालबावटा
गाणं, चहा, बायबल सगळं मान्य, पण धागा फार सोज्ज्वळ होतोय. चॅपलने कामगाराला शांत बसवलं हेही लिहा. माबोन, म्हणजे विल्यम अब्राहम, १८८५ पासून र्‍हॉन्दाचा खासदार, आवाज टेनर. सभा तापली की हा स्तोत्र सुरू करायचा आणि माणसं भांडण विसरून चार सुरांत सामील व्हायची. मजुरी कोळशाच्या भावाला बांधलेली होती, आणि मालकाशी सलोखा हीच त्याची नीती. १८९८ च्या टाळेबंदीत कामगार हरले, त्यात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारची ‘माबोनची सुट्टी’ही गेली. दक्षिण वेल्स खाणकामगार फेडरेशन उभं राहिलं ते त्याच वर्षी, त्या पराभवातून. १९१० च्या नोव्हेंबरात टोनपांडीला दंगल पेटली तेव्हा स्तोत्राने कोणी थांबलं नाही.

कोळिष्टक
@लालबावटा, अर्धं बरोबर. पण ज्यांनी माबोनला मागे टाकलं ते कुठे बोलायला शिकले? ए. जे. कुक, पुढे खाणकामगारांचा पुढारी, तरुणपणी बाप्टिस्ट चॅपलमध्ये प्रवचनं द्यायचा. आर्थर हॉर्नरही पोरवयात प्रवचनकार, पुढे कम्युनिस्ट. रविवारच्या शाळेत मुलंच नव्हे, प्रौढही बसत: उतारा वाचायचा, अर्थावर वाद घालायचा, उभं राहून मुद्दा मांडायचा. शिवाय सभेची इतिवृत्तं, हिशेबतपासणी, मतदान, उपसमिती. बारा तास जमिनीखाली काम करणाऱ्याला हे शिकवणारी दुसरी संस्था १८८० मध्ये नव्हतीच. युनियनला तयार चिटणीस आणि खजिनदार मिळाले ते इथून.

लालबावटा
हे मान्य. मग पुढचंही मान्य करा: लोक शिकले आणि निघून गेले. कामगारांच्या इन्स्टिट्यूटमध्ये ग्रंथालय, वाचनकक्ष, बिलियर्ड, सभागृह, आणि पैसे पगारातूनच कापलेले. १९२० पासून टनामागे एक पेनी असा खाणकामगार कल्याण निधीही आला. ट्रेडीगरच्या वैद्यकीय मदत सोसायटीला पौंडामागे तीन पेनी दिले की डॉक्टर, औषध, दवाखाना. अन्यूरिन बेव्हनने ते जवळून पाहिलं आणि १९४८ ची राष्ट्रीय आरोग्य सेवा घडवताना तो नमुना त्याच्यासमोर होता. आजारात धावून येणारी संस्था चॅपलच्या बाहेर उभी राहिल्यावर बाकाचं भाडं कोण भरत बसणार?

दप्तरखाना
तारखा थोड्या ताणल्या जाताहेत. १९०४-०५ ची धर्मजागृतीची लाट मधे आहे. लकर गावचा इव्हान रॉबर्ट्स, पूर्वीचा खाणकामगार, वय २६. मोराया चॅपलमधून सुरू झालेल्या सभा मध्यरात्र उलटून चालत. नव्या श्रद्धावंतांचा आकडा लाखाच्या घरात सांगितला गेला. शिव्या बंद झाल्याने खाणीतल्या घोड्यांना हुकूमच कळेनात, ही तेव्हाची आवडती दंतकथा. दंतकथा म्हणूनच घ्या. हिशेबाच्या दृष्टीने परिणाम वाईट झाला. त्या लाटेच्या आगेमागे इमारती वाढवल्या, कर्जं काढली, आणि चार-पाच वर्षांत गर्दी ओसरली. मग १९२१ ची मंदी आणि १९२६ चा सात महिन्यांचा लढा. त्या लढ्यात अनेक वेस्त्रींत सामुदायिक स्वयंपाकघरं चालली, म्हणजे ज्या संस्थेचे हप्ते थकले होते तीच सूप वाटत होती. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात चार लाखांहून जास्त माणसं वेल्स सोडून गेली. चॅपलं रिकामी झाली त्यात इन्स्टिट्यूटइतकाच आगगाडीचाही वाटा.

निवांत_नकाशे
आणि दारूबंदी? १८८१ चा रविवारबंदीचा कायदा संपूर्ण वेल्सला होता ना?

अर्धवट_वेल्श
मनमथशरला नव्हता, तिथे १९२१ मध्ये पक्का लागू झाला. त्यामुळे र्‍हिम्नी नदीच्या एका काठाला रविवारी गुत्ता बंद आणि पलीकडच्या काठाला चालू. शिवाय कायदा सार्वजनिक गुत्त्यांना होता, सभासदांच्या क्लबांना नाही. क्लब का वाढले ते समजलं असेल. १९६१ च्या मतदानात ग्लॅमॉर्गनने बंदी उठवली.

जाता जाता: इटलीतल्या बार्दी गावाहून आलेल्यांनी काढलेली ‘ब्राकी’ कॅफे रविवारीही उघडी असत, आणि चॅपलवाल्यांचा त्यांच्यावर दात होता. संध्याकाळच्या उपासनेनंतर तरुण मंडळी तिथेच जायची, हा खरा राग.

कोळिष्टक
अपघातांबद्दल लिहायलाच हवं. एप्रिल १८७७, पोर्थजवळची टीनेविद खाण. जुन्या, पाण्याने भरलेल्या शेजारच्या खाणीचं पाणी फुटून आत आलं, १४ जण अडकले. चढत्या बोगद्याच्या टोकाला कोंडलेल्या हवेने पाणी रोखून धरलं होतं. पहिल्या गटापर्यंत भोक पाडताच ती हवा सुसाट बाहेर पडली आणि एक जण त्या भोकाकडे फेकला जाऊन मेला. दुसऱ्या गटासाठी म्हणून हवाबंद दारं बसवून मगच फोडलं. ते पाच जण नऊ-दहा दिवसांनी जिवंत निघाले. एकूण नऊ वाचले, पाच गेले. अडकलेल्यांनी आत वेल्श स्तोत्र गायलं, खोल पाण्यावरचंच. तोवर समुद्रावरच्या बचावासाठीच दिलं जाणारं अल्बर्ट पदक या घटनेमुळे जमिनीवरच्या शौर्यालाही मिळू लागलं.

सेंगेनिद, १४ ऑक्टोबर १९१३: खाणीतल्या स्फोटात ४३९ कामगार आणि एक बचावकर्ता गेले. ॲबरव्हॅन, २१ ऑक्टोबर १९६६: खाणीच्या कचऱ्याचा ढीग घसरून शाळेवर आला, ११६ मुलं, २८ मोठी माणसं गेली. तिथलं बेथानिया चॅपल तात्पुरतं शवागार झालं. बाकांवर मृतदेह ठेवले, आईबाप बाहेर रांगेत. नंतर मंडळीला तिथे उपासना करवेना, ती इमारत पाडून नवी बांधली. उरलेले कचऱ्याचे ढीग हलवायला लोकांच्या देणगीतून दीड लाख पौंड घेतले गेले. ते १९९७ मध्ये परत केले, व्याज न धरता.

षड्ज_चालता
अवांतर, पण मराठी वाचकांसाठी महत्त्वाचं: १९०४-०५ च्या जागृतीची बातमी केडगावला पोचली होती. पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्ये १९०५ च्या जानेवारीत खास प्रार्थनागट सुरू केले आणि जूनमध्ये तिथेही तशीच लाट आली. खासी टेकड्यांशी नातं त्याहून जुनं. वेल्श कॅल्व्हिनिस्टिक मेथडिस्टांचा थॉमस जोन्स १८४१ मध्ये चेरापुंजीला गेला आणि खासीला रोमन लिपी वेल्श वळणाने दिली. खासी वर्णमालेत ‘बी’नंतर थेट ‘के’ येतो (वेल्शमधल्या ‘सी’च्या जागी) आणि ‘जी’नंतर ‘एनजी’, ते त्यामुळे. वेल्सच्या राष्ट्रगीताची चाल खासींच्या गीताला आहे. सोल-फा तर मिझोराम-मेघालयात आजही रोजच्या वापरात; वेल्समध्ये आता ती वाचणारे शोधावे लागतात.

चुनखडी
आता इमारतींचं. बंद पडण्याआधीची पायरी सगळीकडे सारखी: सभासद वीस-पंचवीस उरतात, मोठ्या सभागृहाची ऊब परवडत नाही, उपासना वेस्त्रीत हलते. त्या दिवसापासून वरचं सभागृह मरायला लागतं. खिडक्या बंद, हवा नाही, ऊब नाही. दर्शनी कठड्यामागचं पन्हाळं पानांनी तुंबतं आणि पाणी भिंतीत उतरतं. गॅलरीच्या तुळयांची टोकं नेमकी त्याच भिंतीत रोवलेली, तिथे ‘सुकी कूज’ नावाची बुरशी धरते. बाहेरून चुन्याऐवजी सिमेंटचा गिलावा मारला असेल तर आत शिरलेलं पाणी बाहेर पडतच नाही. भूस्खलन किंवा खाण खचल्याने तिरक्या भेगा गेल्या असतील तर भिंतीबाहेर लोखंडी चकत्या दिसतील, आतून आरपार सळई घालून भिंती बांधलेल्या.

घरं करायला गेलं तर खरी आडकाठी गॅलरीची. तिच्या उंचीवर नवा मजला टाकला की उंच खिडकी मधोमध चिरली जाते. म्हणून बऱ्याच ठिकाणी आतलं सगळं काढून फक्त दर्शनी भिंत ठेवतात. अख्खं आतलं काम पाहायचं असेल तर माइस्टेगचं बेथानिया (१९०८) आणि ॲबरडेअरजवळ ट्रेकनॉनचं ‘हेन दी कुर्द’ पाहा, दोन्ही वेल्श धार्मिक वास्तू ट्रस्टकडे आहेत. जाण्याआधी ट्रस्टला विचारा, रोज उघडी नसतात.

चॅपल विकलं जाण्याची कुणकुण लागली तर इमारतीआधी कागद वाचवा. वह्या लोखंडी पेटीत सेत वाउरखाली किंवा वेस्त्रीच्या कपाटात असतात, स्मारकफलक भिंतीत, आणि सोल-फाची पुस्तकं गॅलरीतल्या बाकांखाली. कंत्राटदार पहिल्या दिवशी बाकं उचलतो.

दप्तरखाना
आणि अहवालांचे गठ्ठे रद्दी समजून टाकू नका, प्रत एकच उरलेली असू शकते. ओल लागली असेल तर पानं ओढून सोडवू नका, उन्हातही वाळवू नका. तसेच सपाट ठेवून पेटीवर चॅपलचं नाव, गाव आणि पंथ लिहा आणि कार्डिफला किंवा एबू व्हेलला फोन करा.